टेट्रिसमध्ये असं आहे तरी काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ज्या खेळाला गोष्ट नाही, पात्रं नाहीत, जिंकणं नाही, तो खेळ माणसं चाळीस वर्षं का खेळतायत? तुम्ही दर वेळी नवव्या लेव्हलला पोचलात की मिनिटभरात का संपता? आणि रात्री डोळे मिटले की तुकडे पडताना दिसतात, ते काळजी करण्यासारखं आहे का? मी हा खेळ तीस वर्षांहून जास्त काळ खेळतेय. दोनदा तो स्वतः कोड लिहून बनवलाय आणि बऱ्याच जणांना हाताला धरून शिकवलाय. मला तरी या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. टेट्रिसमध्ये तुम्ही दिलेलं उत्तर हाच तुमचा पुढचा प्रश्न होतो. हे नीट समजावून सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

१९८४ साली मॉस्कोमध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव काम करत होता. त्याला पेंटॉमिनोचं वेड होतं. पाच-पाच चौकोनी घरं जोडून होणारे बारा तुकडे असतात आणि ते एका डबीत फट न ठेवता बसवायचे असतात. ते कोडं संगणकावर आणायचा त्याचा विचार होता. बारा तुकडे एका वेळी लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून त्याने पाचाची चार घरं केली. चार घरांचे, फिरवून मिळणारे आकार एकच धरले तर सात तुकडे होतात. सात आकार माणसाच्या डोक्यात बसतात. समोर यंत्र होतं इलेक्ट्रॉनिका ६०. त्याच्या पडद्यावर चित्र काढायची सोयच नव्हती, फक्त अक्षरं उमटायची, म्हणून पहिला टेट्रिस चौकोनी कंसांच्या जोड्यांनी बनलेला होता. ग्रीकमधलं चारासाठीचं 'टेट्रा' आणि त्याचा आवडता टेनिस, यातून नाव झालं.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती नंतर सुचलेली एक गोष्ट. तुकडे वरून पडायला लागले तसा पडदा काही सेकंदांत भरून खेळ संपायला लागला. तेव्हा पाजित्नोवच्या लक्षात आलं की आडवी ओळ पूर्ण भरली की तिचं पुढे काहीच काम उरत नाही, ती नुसती जागा अडवते. मग ती पुसून टाकायची आणि वरचं सगळं एक घर खाली सरकवायचं. एवढ्या एका नियमाने कोड्याचा खेळ झाला. डबीतलं कोडं सुटलं की आपण डबी बाजूला ठेवतो. इथे सुटलेला भाग नाहीसा होतो आणि न सुटलेला तेवढा तुमच्यासमोर राहतो. दुसऱ्या कुणी बनवलेलं कोडं तुम्ही सोडवतच नसता. पाच सेकंदांपूर्वी तुम्ही जे केलंत, त्यातून तयार झालेलं कोडं तुम्ही सोडवत असता. खेळ पुरा व्हायच्या आधीच आपण त्यात गुंतून पडलो होतो, कामाच्या नावाखाली खेळतच बसायचो, असं पाजित्नोवने पुढे बऱ्याच वेळा सांगितलंय. त्यात मला नवल वाटत नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगते. सहकारी दिमित्री पावलोव्स्की आणि सोळा वर्षांचा शाळकरी पोरगा वादिम गेरासिमोव यांच्या मदतीने खेळ आयबीएम पीसीवर आला, रंगीत झाला, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवत देशाबाहेर गेला. मग हक्कांची भली मोठी भांडणं झाली. १९८९ मध्ये हेन्क रॉजर्स या गेम प्रकाशकाने मॉस्कोला जाऊन हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवले आणि निन्टेन्डोच्या गेम बॉयसोबत टेट्रिस घरोघरी पोचला. ज्याने तो बनवला त्याला मात्र १९९६पर्यंत रॉयल्टी मिळाली नव्हती. मला याचं आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पहिल्याचं खरं उत्तर त्यातच आहे.

नवशिक्याची नजर पडणाऱ्या तुकड्यावर असते. सराईताची नजर ढिगाच्या वरच्या कडेवर असते. तुकडा काय, तो ठरलेल्या सातांपैकी एक असणार. त्यात बघण्यासारखं फारसं नाही. बघायचं ते हे, की आपला ढीग या सातांपैकी किती जणांना सामावून घेऊ शकतो.

माझ्या भाचीला शिकवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. तिने उजवीकडचा शेवटचा रकाना मोकळा ठेवून डावीकडचे नऊ रकाने चार ओळींपर्यंत भरले. एक भोक नाही, एक उंचवटा नाही, नुसती फरशी घातल्यासारखं सपाट. छत्तीस घरं, नऊ तुकडे. आता लांब तुकडा, म्हणजे आमच्या भाषेत काठी, उजवीकडे सोडली की चारही ओळी एकदम उडणार. तिचा चेहरा फुलला होता. आणि आला झेड, म्हणजे त्या इंग्रजी अक्षरासारखा नागमोडी तुकडा. एस, टी, एल, जे ही नावंही अशीच आकारांवरून पडलेली. तिने तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला, उभा केला, आडवा केला, आणि शेवटी म्हणाली, "मावशी, याला जागाच नाहीये."

खरंच नव्हती. सपाट जमिनीवर झेड किंवा एस कसाही ठेवा, खाली एक घर रिकामं राहतंच. सपाट ठेवावं हा नवशिक्यांना मिळणारा सल्ला निम्माच बरोबर आहे, आणि उरलेला निम्मा न कळल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं एकाच लेव्हलला अडकतात. चौकोनाला शेजारचे दोन रकाने सारख्या उंचीचे लागतात. एस उभा बसायला डावीकडून उजवीकडे जाताना एका घराची उतरती पायरी लागते, झेडला एका घराची चढती. टी सगळ्यांत समजूतदार. सपाट तीन घरं असोत, कुठल्याही बाजूची एका घराची पायरी असो की एका घराचा खळगा, त्याला सगळं चालतं. पायरी दोन घरांची झाली की तिच्यावर एल किंवा जे यांपैकी एकच बसतो, कुठली बाजू उंच आहे त्यावर ते ठरतं. आणि एका रकान्याचा खळगा तीन घरं खोल गेला की तो भोक न पाडता भरायला फक्त काठीच लागते.

म्हणजे चांगला ढीग कसा? बराचसा सपाट, पण कुठेतरी एक उतरती पायरी, कुठेतरी एक चढती, चौकोनासाठी दोन घरं रुंद अशी एक सपाट जागा, आणि काठीसाठी मोकळ्या राखलेल्या रकान्याकडे, म्हणजे विहिरीकडे, हलका उतार. विहीर सोडून दुसरीकडे कुठेही तीन घरं खोल फट नको. असा ढीग असला की पुढचा तुकडा कुठलाही येवो, मन शांत असतं. भाचीला मी तेव्हा एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी छत्तीस घरं भरताना कडेला एक पायरी राहू दे. तिला ते पटायला आठवडा लागला, कारण सपाट दिसलं की डोळ्यांना बरं वाटतं. डोळ्यांना बरं वाटणं आणि पुढच्या तुकड्याला जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला झेडनेच शिकवलं.

टीबद्दल थोडं आणखी सांगायचा मोह होतोय. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं काळी-पांढरी रंगवा. टी सोडून बाकी सहाही तुकडे कुठेही ठेवले तरी दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. टी मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्याची एक झाकतो. म्हणून सात तुकडे एकेकदा वापरून चार बाय सातचा आयत कधीच भरता येत नाही. त्या आयतात चौदा काळी, चौदा पांढरी घरं असतात, आणि एकटा टी तो तोल बिघडवतो. कधी कधी कितीही काळजी घेतली तरी ढीग खडबडीतच राहतो, एक पायरी काही केल्या जात नाही. तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं, आणि पुढचा टीच ते सोडवतो. हे मला कळलं त्या दिवसापासून टी दिसला की मी तो घाईघाईने वापरत नाही.

आता वेगाचं बघू. निन्टेन्डोची टीव्हीवर चालणारी १९८९ची आवृत्ती घेते, कारण तिचे आकडे अगदी स्वच्छ आहेत. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, त्या प्रत्येक वेळेला एक ठोका म्हणू. लेव्हल शून्यला तुकडा एक घर खाली यायला ४८ ठोके घेतो, म्हणजे वीस घरं उतरायला १६ सेकंद. लेव्हल ९ला एका घराला ६ ठोके, म्हणजे वरून तळापर्यंत २ सेकंद. लेव्हल १८ला ३ ठोके, म्हणजे १ सेकंद. नीट बघा, शून्य ते नऊमध्ये १६ सेकंदांचे २ झाले. त्यानंतरच्या नऊ लेव्हलमध्ये फक्त एक सेकंद कमी झाला. नवव्या लेव्हलपर्यंत आलेला माणूस सर्वांत मोठा उतार उतरून आलेला असतो, आणि नेमका तिथेच तो कोसळतो.

का? तुमचा अंगठा मंद आहे म्हणून नक्कीच नाही. दोन सेकंदांत तुकडा फिरवून कुठल्याही रकान्यात नेता येतो. अडचण अशी की तुम्ही विचार सुरू करता तो तुकडा पडायला लागल्यावर. १६ सेकंद असतात तेव्हा ते खपून जातं. २ सेकंदांत आधी ओळखायचं, मग जागा शोधायची, मग फिरवायचं, मग न्यायचं, एवढं सगळं एकामागून एक मावत नाही. पुढचा तुकडा दाखवणारी चौकट पडद्यावर उगाच नाहीये. आताचा तुकडा खाली टेकण्याआधी पुढच्याची जागा ठरलेली असली पाहिजे. तुम्ही आता जो ठेवताय त्याच्यामुळे कड बदलणार आहे, म्हणून ती बदललेली कड मनात धरून पुढच्याची जागा ठरवायची. सुरुवातीला डोकं भणभणतं. महिन्याभराने ते आपोआप व्हायला लागतं आणि मग नववी लेव्हल चक्क संथ वाटते.

एक गोष्ट मात्र सोडू नका. तुकडा हातात आल्यावर उगाच एकदा फिरवून बघायची सवय असते ना, ती वाईट नाही. १९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या दोघांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. खेळाडू तुकडा नुसता जागेवर बसवण्यासाठीच फिरवतात असं नाही, तर तो कुठे बसेल हे ओळखण्यासाठीही फिरवतात, असं त्यांना दिसलं. मनात आकार फिरवायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात बटण दाबून तो डोळ्यांसमोर फिरतो. थोडा विचार हात करतो. माझ्या मते या खेळाच्या गोडीचा मोठा वाटा इथे आहे. विचार करणं हे एरवी अदृश्य, एकट्याचं काम असतं. इथे ते बोटांतून बाहेर येतं, समोर दिसतं आणि लगेच त्याचा निकाल लागतो.

आता काठीबद्दल, कारण ज्यांना सोळाव्या-सतराव्या लेव्हलपर्यंत पोचता येतं ते बहुतेक तिच्यापायी संपतात.

त्याच आवृत्तीत एक ओळ उडवली की ४० गुण, दोन एकदम उडवल्या की १००, तीन ३००, आणि चार एकदम म्हणजे १२००. यांना लेव्हलच्या आकड्यात एक मिळवून गुणायचं. चार ओळी सुट्या सुट्या उडवल्या तर १६०, एकदम उडवल्या तर १२००, म्हणजे साडेसात पट. चार ओळी म्हणजे ४० घरं, म्हणजे १० तुकडे. त्यातले ९ इतर आणि दहावी काठी. काठी सरासरीने सातात एकदा येते, म्हणजे दहा तुकड्यांमागे जवळपास दीड. गरज एकीची, मिळतात दीड. हिशेब तुमच्या बाजूने आहे असं वाटतं, आणि दीर्घ पल्ल्यात तो आहेही.

पण तुकडे स्वतंत्रपणे पडत असतील तर सलग वीस तुकड्यांत एकही काठी न येण्याची शक्यता शंभरात साडेचारच्या वर आहे. म्हणजे हे अधूनमधून होणारच. वीस तुकडे म्हणजे ८० घरं. नऊ रकान्यांवर ती पसरली की ढीग जवळजवळ नऊ ओळींनी वर चढतो. पडदा आहे वीस ओळींचा. काठीची वाट बघत बसलेल्या माणसाला हे चढणं दिसत असतं, पण तो म्हणतो, आता येईलच. मी स्वतः अशी किती वेळा बुडालेय त्याला गणती नाही. उजवीकडची विहीर आठ घरं खोल, वर दोन चौकोन आलेले, एस आलेला, आणि अंगठा आपोआप तुकडे डावीकडे नेतोय, विहिरीला हात लावायला तयार नाही.

यावर उपाय एकच. ढीग निम्म्याच्या वर गेला की हाव सोडायची आणि विहिरीत मिळेल तो तुकडा घालून एक-दोन ओळी उडवायच्या. स्पर्धेतले खेळाडू याला ओळी जाळणं म्हणतात. पण जाळतानाही कडेचं भान ठेवायचं, विहिरीच्या तोंडाशी भोक राहू द्यायचं नाही. चांगला खेळाडू कधी जाळतो आणि कधी थांबतो, एवढंच बघत बसलं तरी त्याचा स्वभाव कळतो. आजकालच्या आवृत्त्यांत सातही तुकडे जणू एका पिशवीतून निघतात, पिशवी रिकामी झाल्याशिवाय नवी येत नाही. त्यामुळे दोन काठ्यांमध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे येऊ शकतात. शिकताना हे बरं पडतं, तुम्ही त्यावरच सुरुवात करा. पण मला स्वतःला जुनीच पद्धत आवडते. काठी येईलच अशी हमी असली की थांबण्याला काही किंमत राहत नाही.

जिंकणं नसण्याबद्दल तुम्ही विचारलंत, त्याला गणितातही उत्तर आहे. एस आणि झेड आलटून पालटून येत राहिले तर कितीही हुशार खेळाडू असो, ७०,००० तुकड्यांच्या आत तो हरणारच, हे हायडी बर्जिएल या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. खरोखर यादृच्छिक तुकडे पडत राहिले तर कधी ना कधी तसा लांबलचक क्रम येणारच, म्हणजे अनंत काळ खेळता येणं अशक्य. २००२ मध्ये आणखी एक निकाल आला. येणारे सगळे तुकडे आधीपासून माहीत असले तरीही त्यांची सर्वोत्तम मांडणी शोधणं हे संगणकासाठी एनपी-पूर्ण, म्हणजे अतिशय अवघड गटातलं कोडं आहे, असं एरिक डेमेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मला या दोन्ही निकालांनी निराश केलं नाही, उलट दिलासा दिला. दर वेळी मी हरते ते मी कमी पडले म्हणून असेलही, पण खेळाच्या पोटातच ते हरणं आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तोवर किती नीटनेटकं खेळलो.

आणि तरी माणसं ती भिंत ढकलत राहिली. जुन्या आवृत्तीत लेव्हल २९ला तुकडा दर ठोक्याला एक घर उतरतो, म्हणजे वरून तळापर्यंत सेकंदाचा एक तृतीयांश. बटण दाबून धरलं तर तुकडा सेकंदाला दहाच घरं सरकतो, आणि त्यातही सुरुवातीला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ अडखळतो. शेवटच्या रकान्यापर्यंत पोचायच्या आत तुकडा टेकलेला असतो. म्हणून वर्षानुवर्षं सगळे २९ला शेवट मानत आले. मग काही जणांनी बटण धरून ठेवायचं सोडलं आणि अंगठा थरथरवत सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा ते दाबायला सुरुवात केली. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने याच पद्धतीने सात वेळा विजेता ठरलेल्या जोनास न्यूबाउअरला हरवलं. त्यानंतर त्याहून भन्नाट युक्ती निघाली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी एकामागून एक मारायची. प्रत्येक बोटाच्या ठोक्याने बटणच अंगठ्यावर येऊन आपटतं. २१ डिसेंबर २०२३ला तेरा वर्षांच्या विलिस गिब्सनने याच युक्तीने लेव्हल १५७ गाठली आणि तिथे यंत्रातला खेळच गोठला. तोवर कुणाही माणसाने त्या आवृत्तीला अशा जागी आणून पोचवलं नव्हतं. खेळ बाजारात आल्याला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं एकाच यंत्रावर, त्याच सात तुकड्यांवर माणसं नवीन काही शोधत होती.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं जे उत्तर सगळीकडे दिलं जातं, ते मला पुरेसं वाटत नाही. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडलं होतं. टेट्रिसमध्ये काम सतत अर्धवटच असतं, म्हणून आपण तो सोडू शकत नाही, असं सांगतात. खोटं नाही ते. पण त्याने 'अजून एकच डाव' एवढं कळतं, तीस वर्षांची माया कळत नाही. मला या खेळाने बांधून ठेवलंय ते त्याच्या सचोटीने. समोर जो ढीग आहे तो माझाच आहे. त्यातलं एकूण एक भोक मी कधी आणि का पाडलं हे मला आठवतं. वाईट तुकडा आला असं मी म्हणते तेव्हाही मनात ठाऊक असतं, की चार तुकड्यांपूर्वी मीच त्याची जागा बुजवली होती. आणि ते भोक उकरून काढायची संधीही त्याच डावात मिळते. वरच्या ओळी उडवत उडवत तिथवर पोचायचं, भोक उघडं पडतं, त्यात नेमका बसणारा तुकडा जातो आणि ओळ निघून जाते. त्या क्षणी जे वाटतं त्याला मला अजून नीट शब्द सापडलेला नाही.

रात्रीच्या तुकड्यांबद्दल. काळजी करू नका, ते खूप जणांना दिसतात. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाने २००० साली यावर संशोधन प्रसिद्ध केलं. लोकांना काही दिवस टेट्रिस खेळायला लावून झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. बऱ्याच जणांना पडणारे तुकडे दिसले. त्यांत स्मृती हरवलेले काही रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलोय हे त्यांना आठवतही नव्हतं, तरी झोपेच्या उंबरठ्यावर त्यांनाही आकार पडताना दिसले. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. दिवसभर ज्या कडेकडे बघत होतो ती कड डोक्याचा कुठलातरी भाग रात्री अजून चाचपत असतो. तुमचं डोकं शिकतंय, एवढाच त्याचा अर्थ. फक्त झोपच लागत नसेल, तर झोपायच्या आधीचा तास खेळू नका. मी कित्येक वर्षं हाच नियम पाळते.

आता तुम्ही करायचं काय ते सांगते. पंधरा दिवस स्कोअर बघूच नका आणि नवव्या लेव्हलला जाऊही नका. पाचव्या लेव्हलवर सुरू करा. एकच गोष्ट मोजा, पहिलं भोक पडेपर्यंत किती तुकडे बसले. भोक पडलं की डाव तिथेच थांबवा आणि भोकाकडे बघत मनात चार तुकडे मागे जा. ते शेवटच्या तुकड्याने पडलेलं दिसतं, पण बहुतेक वेळा कुठेतरी आधी एक पायरी बुजवलेली असते, ती शोधा. सुरुवातीला वीसही तुकडे होणार नाहीत, त्याने खट्टू होऊ नका. सलग पन्नास बिनभोकाचे बसायला लागले की मग नववी लावा, आणि पहिले दहा तुकडे पडणाऱ्या तुकड्याकडे न बघता फक्त पुढच्याच्या चौकटीकडे आणि कडेकडे बघून खेळा.